पार्लरमधल्या बंदुका घरी

प्रश्न : काकांचं व्हिडिओ गेम पार्लर बंद झालं. तिथल्या दोन बंदुका मी घरी आणल्यात. कॉम्प्युटरला जोडता येतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी नळीत डोकावून पाहा. आत भिंग असेल, तर त्यामागे प्रकाश ओळखणारा सेन्सर आहे. जुन्या काचेच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत एकेक रेघ ओढत चित्र काढायचा. झोत नेमका कधी दिसला, त्यावरून यंत्र नेम ओळखायचं. आजच्या एलसीडीवर असा झोतच नाही, त्यामुळे तो सेन्सर तिथे आंधळा. मग आतलं काढून इन्फ्रारेड कॅमेरा बसवायचा आणि मॉनिटरभोवती इन्फ्रारेड एलईडी लावायचे. जमतं, पण खटाटोप आहे.

बंदूक कॅबिनेटला खिळलेली, नुसती फिरणारी असेल, तर तुमची चांदी! 1991च्या 'टर्मिनेटर 2' गेममधल्या तशाच होत्या. त्यांत भिंगाचं कामच नाही; जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतात तसे दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडवा, एक उभा. त्यांची टोकं अर्डुइनो लिओनार्डो या यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाच्या 5 व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली तार अॅनालॉग पिनला जोडा. घोड्याचा मायक्रोस्विच (ट्रिगर दाबला की लागणारं छोटं बटण) डिजिटल पिनला. जॉयस्टिकचा प्रोग्राम चढवला की कॉम्प्युटर तिला जॉयस्टिक समजतो. नेम थरथरला तर पोटेन्शिओमीटर झिजलेत. सरळ नवे टाका, साफ करत बसू नका.

गोळी झाडल्यावर धक्का देणारा सोलेनॉइड (विजेवर दांडा हलवणारी तारेची गुंडाळी) मात्र थेट बोर्डाला लावू नका. त्याला वेगळा पॉवर सप्लाय, मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि बंद होताना उसळणारी वीज अडवणारा उलटा डायोड हवाच.