युद्धात भरडल्या जाणाऱ्या सामान्य माणसांचं कोणतं चित्र तुम्ही विसरू शकत नाही?

फ्रेंच चित्रकार देलाक्रोआचं 'किऑसची कत्तल'. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते समोर आलं तेव्हा आधी त्याचा आकारच अंगावर आला. उंची ४ मीटरहून जास्त, रुंदी साडेतीन मीटर. पुढची माणसं जवळपास आपल्याएवढीच. त्यांच्या पायाशी जाऊन उभं राहिल्यासारखं वाटतं.

किऑस हे तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतचं ग्रीक बेट. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी मिळते ना, त्या डिंकासाठी नावाजलेलं. १८२१ मध्ये तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याविरुद्ध ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा इथली सुखवस्तू माणसं त्यापासून लांबच राहिली होती. १८२२ च्या मार्चमध्ये जवळच्या सामोस बेटावरून ग्रीक बंडखोर येऊन उतरले आणि एप्रिलपासून ऑटोमन फौजेने सूड उगवला तो सगळ्या बेटावर. हजारो माणसं कापली गेली, हजारो बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली.

देलाक्रोआ स्वतः ग्रीसला कधी गेला नाही. तिकडे लढून आलेल्या वूतिये नावाच्या अधिकाऱ्याकडून त्याने हकिकती ऐकल्या आणि १८२४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र मांडलं. वय २६. अनेक टीकाकार खवळले. युद्धाच्या चित्रात कुणीतरी वीर असायचाच, आणि इथे ऐन मधोमध जागा मोकळी. तिथून मागचा धूर दिसतो. मारामारी लांब, धूसर. पुढ्यात नुसती बसलेली, पडलेली कुटुंबं. चित्राच्या पूर्ण नावातच आहे, 'मरणाची किंवा गुलामगिरीची वाट पाहणारी ग्रीक कुटुंबं'. मला कत्तलीपेक्षा हे वाट पाहणं जास्त छळतं. एकमेकांना टेकून बसलेत सगळे, तरी प्रत्येकजण एकटा.

उजवीकडे घोड्यावर शिपाई, घोड्याला बांधलेली एक तरुणी. त्यांच्या खाली एक आई मरून पडली आहे आणि तिचं तान्हं दुधासाठी तिच्या अंगाशी झोंबतंय. शेजारीच एक म्हातारी बसली आहे. एरवी कुठलीही म्हातारी रडणारं पोर आधी उचलून घेईल. ही मान वर करून आभाळाकडे बघतेय. बाळ हाताच्या अंतरावर आहे, तिला दिसतच नाही.

मोबाईलवर बघू नका. मोठ्या पडद्यावर उघडा आणि उजवा खालचा कोपरा मोठा करून बघा.