'मिलोंगा'मध्ये टँगो उरतो का?

तुम्ही विचारलं आहे की, 'मिलोंगा' या रंगमंचावरच्या नृत्यप्रयोगाच्या चित्रफिती पाहून टँगो आणि कंटेम्पररीचा, म्हणजे आजच्या मुक्त शैलीच्या नाचाचा, मेळ तुम्हाला आवडला, पण क्लासमधले सर म्हणतात यात खरा टँगो उरलेलाच नाही. मग तिकीट काढून बघावा का? मी बरीच वर्षं टँगो नाचते, फॉलोअर म्हणून, म्हणजे जोडीदाराचा इशारा ओळखून नाचणारी. माझं उत्तर: संधी मिळाली तर जरूर बघा. टँगो त्यात आहे, फक्त तो शोधायची जागा वेगळी आहे.

सरांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. ब्वेनोस आयरेसला टँगोची जागतिक स्पर्धा भरते, तिच्यात दोन गट असतात. एक 'पिस्ता', म्हणजे चार लोकांच्या गर्दीत नाचायचा टँगो. त्यात नियमच आहे की संगीत चालू असेपर्यंत जोडीची मिठी सुटता कामा नये, उड्या मारता कामा नयेत. दुसरा रंगमंचाचा गट, त्याला पुष्कळ मोकळीक. म्हणजे अर्जेंटिना स्वतःच या दोन गोष्टी वेगळ्या ठेवते, पण नाव दोन्हींना टँगोचंच देते.

आणि रंगमंचावरचा टँगो सोवळ्यात कधीच नव्हता. पन्नासच्या दशकात हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस या जोडीने तो नाट्यगृहात नेला, तेव्हा कोपेसच्या डोळ्यांसमोर हॉलिवूडचा नर्तक-नट जीन केलीचे सिनेमे होते. १९८३ साली पॅरिसमध्ये 'टँगो आर्जेन्तिनो' हा कार्यक्रम आला, १९८५ साली तो ब्रॉडवेवर गेला, आणि त्यानंतर जगभर लोक टँगो शिकायला लागले. आज आपल्याला मुंबई-पुण्यात क्लास सापडतो, त्यात त्या प्रयोगाचाही वाटा आहे.

आता 'मिलोंगा'. सिदी लार्बी शेर्कावी हा बेल्जियन नृत्यदिग्दर्शक, अँटवर्पचा, वडील मोरोक्कोचे. कथकमधून आलेला ब्रिटिश नर्तक अक्रम खान याच्याबरोबर त्याने केलेला 'झिरो डिग्रीज' (२००५) तुम्ही कदाचित पाहिला असेल. कुचिपुडीच्या शांतला शिवलिंगप्पांबरोबरही त्याने काम केलं आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन आधी ऐकून घ्यायचं, ही त्याची जुनी सवय. २०१३ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात 'मिलोंगा' आला तेव्हा त्याने अर्जेंटिनाच्या पाच टँगो जोड्या घेतल्या आणि कंटेम्पररीचे नर्तक फक्त दोन. हे प्रमाण मला फार महत्त्वाचं वाटतं. बहुतेक फ्यूजनमध्ये उलटं होतं: कंटेम्पररीचा ताफा, आणि चवीपुरता टँगो.

हे दोन प्रकार एकत्र बसतात तरी कसे, ते अंगानेच कळतं. टँगोत वजन सतत एका पायावर असतं, दुसरा पाय मोकळा. 'गांचो'च घ्या. लीडर, म्हणजे इशारा देणारा जोडीदार, माझं वजन एका पायावर आणून ठेवतो, आपली मांडी किंचित उघडी करून जागा देतो आणि धड वळवतो. माझा मोकळा पाय त्या वळणाच्या वेगानेच त्याच्या गुडघ्यामागे जाऊन अडकतो आणि सुटतो. मी लाथ मारायला गेले तर तो गांचो नव्हे, नुसती कवायत. 'वोल्कादा'मध्ये तर मी माझा तोल सोडून त्याच्या छातीवर कलते, आणि ते वजन तो पेलत पायाखालून वळण काढतो. इथेच कंटेम्पररीशी नातं जुळतं. अमेरिकेत १९७२ साली नर्तक स्टीव्ह पॅक्स्टनने सुरू केलेलं कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन याच गोष्टीवर उभं आहे: वजन दे, वजन घे, स्पर्शातून पुढची हालचाल ओळख. फरक एवढाच की तिथे शरीर जमिनीवरही जातं, पाठीवर लोळतं, खांद्यावर चढतं; टँगो पायांवर उभा राहूनच सगळं सांगतो.

'मिलोंगा'त ही सीमा ओलांडली जाते ते क्षण निवडून बघा. तीन पुरुषांचा नाच आहे. मिठी दोघांची, तर तिसऱ्याने शिरायचं कुठे? तिघांचे पाय एकमेकांच्या जागेत घुसत राहतात आणि लीड कुणाकडे आहे ते ओळखेपर्यंत ते बदललेलं असतं. पुरुषांनी पुरुषांबरोबर टँगोचा सराव करणं ही ब्वेनोस आयरेसची जुनी रीत, तेव्हा हा प्रकार वाटतो तितका परका नाही. मला प्रयोगातला सगळ्यात अस्सल टँगो इथेच दिसला, कारण तिघंही सतत एकमेकांचं ऐकत असतात.

मागे पडद्यावर शहराची दृश्यं चालतात, ती मला जरा जास्त वाटली; नर्तक इतके तयारीचे असताना नजर तिकडे जाते. संगीत मात्र प्रत्यक्ष वाजतं, आणि बांदोनेऑन या टँगोतल्या भात्याच्या वाद्याचा भाता ओढला जातानाचा श्वास ऐकू आला की नर्तक तिथेच का थांबले ते समजतं.

तिकीट पहिल्या रांगेचं काढू नका. तिथून पावलं नीट दिसत नाहीत. पहिल्या बाल्कनीची पुढची रांग मिळाली तर उत्तम. आणि सुरुवातीची दहा मिनिटं मोकळ्या पायांच्या करामतींकडे न बघता दोघांच्या छातीकडे आणि फॉलोअरच्या वजन टेकलेल्या पायाकडे बघा. सरांनाही घेऊन जा. त्या तिघांच्या नाचाबद्दल ते काय म्हणतात ते इथे लिहिलंत तर मला वाचायला आवडेल.