वाचकांचे प्रश्न : पडलेली जोडी तिसरी, न पडलेली पाचवी कशी?

प्रश्न : २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये आइस डान्सला, म्हणजे बर्फावर स्केट घालून जोडीने करायच्या नृत्याच्या स्पर्धेत, लिथुआनियाची मार्गारिता द्रोब्याझ्को–पोविलास वानागास ही जोडी न पडता पाचवी आली आणि इटलीची जोडी पडूनही ब्राँझ घेऊन गेली. हा कुठला हिशेब? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : फ्री डान्समध्ये, म्हणजे स्वतः रचलेल्या नृत्याच्या शेवटच्या भागात, इटलीच्या जोडीतला मार्गालियो पडला, चौथी आलेली कॅनडाची जोडीही पडली. लिथुआनियाने रीतसर तक्रार केली, ती फेटाळली गेली.

तेव्हा ६.० ची पद्धत होती, म्हणजे जास्तीत जास्त गुण ६.०. पंच गुण देत, पण त्या गुणांची बेरीज होत नसे, त्यावरून फक्त क्रमांक लागे. मग क्रमांकाला त्या भागाच्या वजनाने गुणायचे : दोन कंपल्सरी डान्स (ठरलेल्या पावलांचे) प्रत्येकी ०.२, ओरिजिनल डान्स (ठरवून दिलेल्या तालावर स्वतः रचलेला) ०.६, फ्री डान्स १.०. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पुढे.

समजा, एक जोडी पहिल्या तिन्ही भागांत तिसरी आहे. फ्री डान्सला उतरताना तिच्या नावावर ३.०. तिन्हीत पाचवी असलेल्या जोडीच्या नावावर ५.०. आता तिसरी जोडी पडून चौथी आली आणि पाचवी जोडी झेप घेऊन तिसरी आली, तरी हिशेब ७.० विरुद्ध ८.० असाच राहतो. पडलेली जोडी पुढेच! शिवाय पडण्याला ठरावीक वजावट नव्हती, किती कापायचे ते ज्या त्या पंचाच्या मनावर. आमच्या मते खरा अन्याय इथे होता. ठरलेल्या पावलांच्या कंपल्सरीत मोठ्या नावांना वरचा क्रमांक मिळून जाई आणि शेवटच्या रात्री तो हलवणे जवळपास अशक्य असे.

पुढच्याच महिन्यात नागानोच्या जागतिक स्पर्धेत लिथुआनियाची ही जोडी चौथी आली, तेव्हा अनेक स्केटर आणि प्रशिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. २००० साली नीस इथे जागतिक ब्राँझ मिळवणाऱ्या जोडीसाठी सहकारी उभे राहिले, ही मोठीच गोष्ट. निवृत्तीनंतर दोघे परत आले, २००६ ला युरोपीय ब्राँझ जिंकले आणि आपल्या पाचव्या ऑलिम्पिकमध्ये, तुरिनला, सातवे आले. तिथे नवी गुणपद्धत होती. आता एक जण पडला तर १ गुण, दोघे पडले तर २ गुण थेट वजा होतात, आणि त्या करामतीचा दर्जाही खाली येतो तो वेगळाच.

प्रश्न : लिथुआनियाचीच आइस डान्सर ॲलिसन रीड २०२२ च्या ऑलिम्पिकला का नव्हती? (तेच वाचक)

उत्तर : जागतिक आणि युरोपीय स्पर्धेत जोडीतल्या एकाचे नागरिकत्व पुरते, ऑलिम्पिकला दोघांचेही लागते. रीड अमेरिकेत जन्मलेली, तेव्हा तिला लिथुआनियाचे नागरिकत्व मिळाले नाही. तिने आणि तिचा जोडीदार सॉलियस अंब्रुलेविचियसने २०२४ ला त्याच्याच देशात, कौनासला, युरोपीय ब्राँझ मिळवले.

प्रश्न : मुलगी सोलापुरात चार चाकी रोलर स्केट चालवते. डेहराडूनच्या बर्फाच्या रिंकवर नेतोय. काय शिकवून न्यावे? (एक पालक, होटगी रोड)

उत्तर : आधी थांबणे. तिला पुढच्या रबरी ब्रेकवर टेकायची सवय असेल. बर्फाच्या स्केटला पुढे दात असतात, पण ते उडी आणि पावलांसाठी. त्यावर ब्रेक मारायला गेली तर तोंडावर आपटेल. गुडघे वाकवून टाचा बाहेर ढकलायच्या आणि पात्याच्या आतल्या कडेने बर्फ खरवडायचा, हे घरी फरशीवर मोजे घालून करून घ्या.

दुसरे म्हणजे वजन. चार चाकांवर पाऊल सपाट बसते. पाते मात्र लांबीला किंचित गोलाकार असते, वळण घेताना वजन चवड्याखाली हवे. टाचेवर गेले की पाय पुढे निसटतो. एका पायावर गिरक्या घेत पुढे सरकायचे त्या ट्विझलमध्ये हीच चूक दिसते : सरकणे थांबते, गिरकी जागच्या जागी होते, आणि पंच गुण कापतात.

भाड्याचे स्केट घेताना पाते उलटे धरून बघा. मधे खोबण आणि दोन्ही बाजूंना कडा असतात. पात्यावर आडवी पट्टी ठेवा, ती तिरकी बसली तर कडा असमान आहेत, मुलगी एकाच बाजूला घसरत राहील. ती जोडी परत करा. बूट घट्ट हवा : बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघा वाकवल्यावर टाच उचलू नये. सैल बुटात जाड मोजे भरू नका, घोटा डुगडुगतो. हातमोजे मात्र न्याच.