आयजीएफ-१ च्या मागे लागण्याआधी

स्नायू वाढवायला आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखा वाढीचा घटक) टोचून घ्यायचं तुझ्या मनात आहे ना? इंजेक्शनचं नंतर बघू. आधी हे शरीरात चालतं कसं ते समजून घे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन सुटतं, ते यकृताला कामाला लावतं आणि यकृत आयजीएफ-१ बनवतं. ७० अमिनो आम्लांचं हे प्रथिन, ठेवण इन्सुलिनसारखी.

खरी गंमत पुढे आहे. रक्तातलं बहुतेक आयजीएफ-१ मोकळं फिरतच नाही. त्याला धरून ठेवणारी सहा प्रथिनं आहेत. मोकळा रेणू काही मिनिटांत नाहीसा होतो, बांधलेला कित्येक तास टिकतो. शिवाय स्नायू आणि हाडं आपल्यापुरतं आयजीएफ-१ जागच्या जागीच तयार करतात. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमधल्या आकड्यावरून स्नायू किती वाढतील याचा हिशेब मांडू नकोस. रेंजही वयानुसार बघ. पौगंडावस्थेत पातळी सर्वात जास्त असते, पुढे उतरत जाते. उपाशी राहिलास किंवा प्रथिनं कमी पडली, तर ग्रोथ हार्मोन भरपूर असूनही ती खाली येते. क्रॅश डाएटवाल्यांना हे कोणी सांगत नाही!

तोंडात मारायच्या स्प्रेवर पैसे घालवू नकोस. प्रथिनच ते, पोटात पचून जातं. इंजेक्शनने रक्तातली साखर एकदम उतरू शकते. आणि पेशींना मरू न देणं हेही आयजीएफचंच काम. कर्करोगाच्या गाठीच्या पेशी त्याला अपवाद नाहीत. स्पर्धेत उतरणार असशील तर वाडाच्या (खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था, WADA) यादीत त्यावर बंदी आहे. औषध म्हणून ते मोजक्या मुलांना देतात, आयजीएफ-१ च्या तीव्र कमतरतेमुळे ज्यांची उंची खुंटलेली असते त्यांना, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.