प्रोपेलरभोवती डक्ट कधी फायद्याचा?

प्रश्न : अर्ध्या मीटर व्यासाचा प्रोपेलर आणि २ किलोवॉटची मोटर घेऊन आम्ही मानवरहित विमान बांधतो आहोत. डक्ट (प्रोपेलरभोवतीचे नळीसारखे कडे) बसवला की पात्यांच्या टोकांपाशी होणारी गळती थांबते, मग कार्यक्षमता वाढायलाच हवी. तरी एटीआर ७२ सारख्या प्रवासी विमानांचे प्रोपेलर उघडे का असतात?

उत्तर : गळती कमी होते हे खरे, पण मोठा फायदा तिच्यातून येत नाही. उघड्या प्रोपेलरमागचा झोत आकसत निम्म्या क्षेत्रफळाचा होतो; डक्ट त्याला आकसू देत नाही, म्हणून जास्त हवा कमी वेगाने मागे ढकलली जाते. विमान जागेवर असताना तुमच्या प्रोपेलरचा आदर्श (तोटे न धरता) रेटा, म्हणजे पुढे ढकलणारे बल, १२४ न्यूटन येतो. डक्टच्या मागच्या तोंडाचे क्षेत्रफळ पाती फिरतात त्या वर्तुळाइतके ठेवले तर तेवढ्याच शक्तीत १५७ न्यूटन, म्हणजे २६ टक्के जास्त! यातला निम्मा रेटा पाती देतच नाहीत. पुढच्या गोल काठावर हवेचा दाब घटतो, त्यातून तो मिळतो.

आता सेकंदाला ५० मीटर वेग धरा. इथे उघड्या प्रोपेलरची आदर्श कार्यक्षमताच ९७ टक्के असते. वाचवण्याजोगे उरतात ६० वॉट, आणि डक्ट त्यातलेही फारसे वाचवत नाही. २५ सेंमी लांबीच्या डक्टचा आतबाहेरचा पृष्ठभाग मात्र ०.७८ चौरस मीटर भरतो. घर्षणगुणांक ०.००५ धरला तरी हवेचा रोध ६ न्यूटन, त्यापायी ३०० वॉट खर्च. वजन वेगळेच. तुमच्या मापांत हा तोल ताशी ८० किमीच्या आसपास उलटतो; एटीआर तर ताशी ५०० किमीच्या घरात उडते. १९७९ साली उडालेल्या एजली ऑप्टिका या ब्रिटिश निरीक्षण विमानाला डक्ट शोभला, कारण ते संथ फिरण्यासाठीच होते.

प्रश्न : डक्ट स्वतः बनवायचा तर कशाला जपावे?

उत्तर : पात्याचे टोक आणि भिंत यांतल्या फटीला. ती व्यासाच्या अर्ध्या टक्क्यात, म्हणजे २.५ मिमीत ठेवा. पातळ कडे कंपनाने वाकते आणि पाती घासतात; मग फट ५ मिमीपर्यंत वाढवली जाते आणि बराचसा फायदा तिथेच निसटतो. म्हणून कडे आधी ताठ करा. पुढचा काठ पत्र्यासारखा धारदार नको. तिथे हवा पृष्ठभाग सोडते आणि काठावरचा रेटा हातचा जातो. तरंगताना बाजूचा वारा लागला तर वाऱ्याकडच्या काठावर जास्त रेटा येऊन यान उलट्या बाजूला कलते. त्यासाठी नियंत्रणात पुरेशी ताकद राखून ठेवा.