सारकॉइडोसिसमध्ये एसीईचा आकडा वाढला म्हणजे आजार वाढला का?

आईंना सारकॉइडोसिस (फुप्फुसांत आणि इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) आहे, त्यांचं एसीई (रक्तातलं एक एन्झाइम) 46 वरून 78 झालंय, धाप मात्र होती तेवढीच आहे, तर स्टेरॉइड पुन्हा सुरू करावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. स्टेरॉइडचं छातीचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आईंची औषधांची पिशवी एकदा उघडून बघा.

बीपीची गोळी मधल्या काळात बदलली का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे ‘प्रिल’वाल्या गोळ्या नेमकं हेच एन्झाइम रोखतात. त्या चालू असेपर्यंत रिपोर्टमधलं एसीई खाली दिसतं. या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, मग डॉक्टर त्याऐवजी टेल्मिसार्टन देतात. तसं झालं असेल तर फुप्फुसात काहीच न घडता आकडा वर जातो. (तपासणीसाठी म्हणून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे ओघाने आलंच.)

दोन्ही वेळा लॅब एकच होती का, तेही बघा. पद्धत बदलली की नॉर्मलची मर्यादाही बदलते, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. शिवाय हे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं नसतं. त्यातलं ईडीटीए हे रसायन जस्त धरून ठेवतं, आणि जस्ताशिवाय एसीई काम करत नाही. आकडा खोटाच कमी येतो. म्हणजे चूक आधीच्या 46 मध्येही असू शकते.

सारकॉइडोसिसच्या गाठींमधल्या पेशी एसीई बनवतात, म्हणून 1975 पासून ही तपासणी या आजारात वापरतात. पण आजार असूनही कित्येकांचं एसीई नॉर्मल असतं, आणि टीबीतही ते कधीकधी वाढतं. ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या तर त्याहून मोघम. माझ्या मते दर महिन्याला एसीई करण्यापेक्षा ते पैसे स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणं) आणि डीएलसीओ (फुप्फुसांतून वायू रक्तात किती जातो ते मोजणं) यांना लावावेत.

रक्तातली एक तपासणी मात्र चुकवू नका: कॅल्शियम. या गाठी ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप स्वतःच तयार करतात. त्यात ‘डी कमी आहे’ म्हणून कुणी 60,000 युनिटचं सॅशे सुरू केलं, तर कॅल्शियम चढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. आईंचं तसं काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, एसीईचं नंतर.