रिकाम्या खोलीतले कुर्डुवाडी जंक्शन

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी रेल्वेतून सेवानिवृत्त झालो असून जुळे सोलापुरात राहतो. मुलीच्या लग्नानंतर गच्चीलगतची तिची अभ्यासाची खोली रिकामीच आहे. खोली १० बाय ११ फुटांची, दार पूर्वेला आणि एक खिडकी पश्चिमेला. तिथे छोट्या रेल्वेची मांडणी करण्याची इच्छा बऱ्याच वर्षांची आहे. मधोमध ८ बाय ४ फुटांचा प्लाय टाकून त्यावर गोल रूळ बसवावेत, असा विचार आहे. एन प्रमाण (१:१६०) घ्यावे की त्याहून मोठे एचओ (१:८७), हे ठरत नाही. डबे मात्र आपल्याकडचे निळे आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीचे हवेत. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्लाय मधोमध टाकू नका, असे मी आग्रहाने सांगेन. ८ बाय ४ चा प्लाय बाजारात अख्खा मिळतो, म्हणून बहुतेक जण त्याच मापाने विचार सुरू करतात. परंतु ४ फूट, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटर रुंदीत वळणाची त्रिज्या फार तर ५५ सेंटिमीटर बसते. आयसीएफचा डबा प्रत्यक्षात सुमारे २१.३ मीटर लांब असतो आणि एचओच्या १:८७ या प्रमाणात तो साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. वळणावर डबा शोभून दिसायचा असेल तर त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट असावी, असा या छंदातला अनुभव आहे. तिप्पट म्हणजे साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर. ५५ सेंटिमीटरांच्या वळणावरही गाडी धावेल, पण डब्यांची टोके रुळाबाहेर लोंबतील आणि दोन डब्यांमधली फट बाहेरच्या अंगाला उघडी पडेल. ज्यांनी उभी हयात खऱ्या गाड्या पाहण्यात घालवली आहे, त्यांच्या डोळ्यांना हे रोज सलत राहील.

त्याऐवजी भिंतींच्या कडेने ४५ सेंटिमीटर रुंदीची फळी फिरवा आणि दारासमोर तिचा एक तुकडा उचलून ठेवता येईल असा करा. साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर त्रिज्येचे वळण खोलीच्या कोपऱ्यात याच रुंदीत व्यवस्थित बसते. फळीची उंची जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास ठेवली, तर स्टुलावर बसल्यावर रूळ जवळजवळ नजरेच्या रेषेत येतात आणि गाडी खेळण्यासारखी वरून न दिसता फलाटावर उभे राहिल्यासारखी दिसते. हाताच्या पल्ल्याचाही विचार करावा लागतो. ६० ते ७० सेंटिमीटरांपलीकडे घसरलेला डबा उचलताना कोपर सिग्नलवर आपटते, आणि ही अडचण अरुंद फळीवर उद्भवतच नाही. चौकटीला २ बाय १ इंचांच्या लाकडी पट्ट्या आणि वर १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय पुरेसा आहे. प्लायला दोन्ही बाजूंनी रंग द्यावा; एकाच बाजूने दिल्यास तो पावसाळ्यात वाक धरतो.

आता प्रमाणाविषयी. एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, तोच डबा साडेतेरा सेंटिमीटरांहूनही लहान होतो आणि बारा डब्यांची गाडी आपल्या भिंतीवर आरामात मावते. एचओमध्ये एक इंजिन आणि पाच डबे मिळूनच दीड मीटर होतात, त्यामुळे अख्खी सिद्धेश्वर एक्स्प्रेस उभी करण्याचा मोह सोडावा लागेल. तरीही मी आपल्याला एचओच सुचवतो. सोलापूरच्या धुळीत एनची हलकी इंजिने लवकर अडखळतात, आणि साठीनंतर इतकी बारीक चाके चिमट्याने रुळावर बसवणे कंटाळवाणे होते. याखेरीज एक तिसरे कारण आहे आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे आहे; परंतु त्याआधी आपल्याला खटकणारी एक गोष्ट सांगून टाकतो.

एचओचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. त्याला ८७ ने गुणले की १४३५ मिलिमीटर येतात, जो युरोपातला प्रचलित गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे तो १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. म्हणजे तयार रुळावर आपली गाडी जवळजवळ ३ मिलिमीटर अरुंद पायांवर उभी राहते. काही हौशी मंडळी बरोबर मापाचे रूळ हाताने बांधतात, परंतु मग प्रत्येक इंजिनाची आणि डब्याची चाके आसावर सरकवून पुन्हा बसवावी लागतात. पहिल्या मांडणीत हा उद्योग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खडी नीट पसरली आणि डबे योग्य उंचीवर बसवले, तर हा फरक बाजूने पाहताना जाणवत नाही.

आता ते तिसरे कारण. बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा होता. त्याला ८७ ने भागा : पावणेनऊ मिलिमीटर. एन प्रमाणाचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो. याचा अर्थ असा की एनची इंजिने आणि एनचे रूळ घेऊन, वर १:८७ च्या मापाचा नॅरोगेजचा सांगाडा चढवला, तर बार्शीची छोटी गाडी जवळजवळ अचूक मापात उभी राहते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभारलेला हा मार्ग १८९७ साली सुरू झाला आणि पुढे तो पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचला. हलक्या रुळांवरही भार समान पडावा म्हणून कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावरचे वजन ५ टनांच्या आत ठेवले होते. आज ती गाडी राहिलेली नाही, पण कुर्डुवाडीला दोन गेज शेजारी शेजारी उभे असत, हे पाहिलेली माणसे आपल्या जिल्ह्यात अजून आहेत, आणि आपण स्वतः त्यांपैकी एक असाल असे वाटते.

म्हणून माझी सूचना अशी : आपल्या ११ फुटी भिंतीवर कुर्डुवाडी मांडा. पुढे ब्रॉडगेजचा फलाट, मागे नॅरोगेजचा फलाट आणि दोहोंच्या मध्ये माल एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढवण्याची जागा. दोन्ही गेजचे रूळ एकमेकांना कुठेही जोडायचे नसल्यामुळे सांध्यांची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागांची गुंतागुंत टळते. उरलेल्या तीन भिंतींवर ब्रॉडगेजची एकच साधी फेरी ठेवा. एका रुळावरून दुसरा नेणारा पूल मात्र सध्या टाळा. त्यासाठी सुमारे ८ सेंटिमीटर चढावे लागते, १:५० च्या चढाने त्याला ४ मीटर लागतात, आणि आपली सर्वांत लांब भिंत साडेतीन मीटरांचीही नाही. बोरघाटात खऱ्या रेल्वेने १:३७ चा चढ पत्करला, परंतु तिला मागून रेटायला बँकर इंजिने होती.

रूळ टाकताना सोलापूरचा उन्हाळा मनात ठेवा, ही या उत्तरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. गच्चीलगतची खोली हिवाळ्यात पहाटे पंधरा अंशांपर्यंत उतरते आणि मे महिन्यात स्लॅबखाली पंचेचाळिसाला टेकते. निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूचा १ मीटर रूळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. आपल्या खोलीची फेरी १० ते ११ मीटरांची होईल, म्हणजे एकूण वाढ ५ मिलिमीटरांहून अधिक. माझ्या पहिल्या मांडणीत मी डिसेंबरात रूळ एकमेकांना घट्ट भिडवले आणि सगळे जोड सोल्डर करून टाकले. एप्रिलअखेर एका दुपारी खोली उघडली, तेव्हा खिडकीजवळचा सरळ रूळ दोन-तीन खिळे उपटून बोटाच्या रुंदीइतका बाजूला फुगला होता आणि प्लॅस्टिकच्या स्लीपरांची कानपटे तुटून खाली पडली होती. खऱ्या मार्गावर उन्हाळी गस्त कशासाठी घालतात, हे आपल्याला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत काम करणार असाल, तर दर मीटरला अर्ध्या मिलिमीटरची फट सोडा. जुन्या व्हिजिटिंग कार्डाचे दोन तुकडे जोडात धरले की साधारण तेवढीच फट राहते. मे महिन्यात रूळ टाकत असाल, तर ते भिडवले तरी चालतील. सोल्डर फक्त वळणावरच्या जोडांना करा. सरळ भागातले जोड मोकळे ठेवून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्या, म्हणजे वीज जोडपट्टीच्या भरवशावर राहत नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा अवश्य लावा, कारण दुपारच्या थेट उन्हात प्लॅस्टिकचे डबे एका उन्हाळ्यात वाकडे होतात.

जमीन करताना बाहेरून रंगीत पावडर आणण्याची गरज नाही, आपली काळी माती चांगली दिसते. ती वाळवून मैद्याच्या चाळणीने चाळा आणि कढईत भाजून घ्या, म्हणजे त्यातली कीड मरते. यानंतरची पायरी मात्र कोणीही वगळू नये. एक चांगला लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मातीवरून सावकाश फिरवा. पिशवीच्या तळाला काळ्या बारीक केसांसारखे कण उभे राहतील. बेसाल्टच्या या मातीत लोहकण भरपूर असतात, आणि तेच कण पुढे इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला चिकटून दातेरी चाके खातात. पिशवी उलटी करून कण कागदावर झटका आणि पिशवी कोरी निघेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवा. खडीसाठीही हाच नियम. माती आणि खडी चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब पुरतो. आधी पाण्याचा फवारा मारून मग ड्रॉपरने सोडावे.

रूळ विकत घेण्यापूर्वी एकदा पुण्याला कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून या. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येते.

प्रश्न : आमचे घर यंत्रमागांच्या वस्तीत आहे. वरच्या खोलीत एचओची छोटी मांडणी केली आहे. सुरुवातीला इंजिन छान चालायचे. आता धक्के देत चालते आणि सांध्यावर थांबते. पॉलिश पेपरने रूळ घासले की दोन दिवस बरे चालते, मग पुन्हा तेच. इंजिन बदलावे काय? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : इंजिन बदलू नका आणि पॉलिश पेपर आजच बंद करा. त्याने रुळावर बारीक चरे पडतात, त्या चऱ्यांत काजळी साचते आणि पुढच्या वेळी ती अधिक लवकर साचते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने रूळ पुसावेत. चाकेही पुसावीत, आणि डब्यांची चाके प्लॅस्टिकची असतील तर शक्य तशी धातूची बसवावीत, कारण प्लॅस्टिकची चाके घाण धरून ती रुळावर पसरवत राहतात.

आपल्या बाबतीत मूळ कारण वेगळे असण्याचा संभव मोठा आहे. इंजिन उताणे करून भिंगाखाली पाहा. आसाभोवती करड्या रंगाचे, दोऱ्यासारखे वेढे दिसतील. ती मागावरची कापसाची रुई आहे. ती तेल शोषून घट्ट होते, आस जड फिरतो आणि मोटार तापते. बारीक चिमट्याने एक टोक पकडून चाक उलटे फिरवले की तो वेढा सलग सुटून येतो. त्यानंतर प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब पुरे. जास्त तेल घातल्यास पुढची रुई आणखी लवकर चिकटते. मांडणी झाकण्यासाठी चादर किंवा टॉवेल वापरत असाल तर तेही थांबवावे. आपल्या गावची चादर उत्तमच, पण सुती कापड तंतू सोडतेच. इथे प्लॅस्टिकची शीट हवी, आणि ती सिग्नलांना लागू नये म्हणून वर पातळ पट्ट्यांची चौकट करावी.

प्रश्न : मांडणीच्या एका टोकाला गाडी फिरून त्याच रुळावर परत यावी म्हणून फुग्याच्या आकाराचा वळसा केला आहे. वळशाचा शेवटचा तुकडा सांध्याला जोडला की रुळांना वीज देणारा कंट्रोलर लगेच बंद पडतो. रूळ तपासले, कुठेही तार अडकलेली नाही. – एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : आपल्या रुळांत दोष नाही, दोष वळशाच्या आकारात आहे. कागदावर डावा रूळ लाल आणि उजवा निळा काढून पाहा. वळसा पूर्ण होताच लाल रेघ निळीला येऊन मिळते, म्हणजेच शॉर्ट सर्किट होते. उपाय असा की वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत प्लॅस्टिकचे जोड घालून तो भाग विजेच्या दृष्टीने वेगळा करावा आणि त्याला स्वतंत्र वीज द्यावी. साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर असेल, तर गाडी वळशात उभी करून मुख्य रुळांतल्या विजेची दिशा दुहेरी स्विचने बदलावी आणि मग ती बाहेर काढावी. डिजिटल कंट्रोलर असेल, तर हेच काम आपोआप करणारे मॉड्यूल मिळते. वेगळा केलेला भाग आपल्या सर्वांत लांब गाडीहून लांब असला पाहिजे, नाहीतर पुढची चाके एका टोकाने बाहेर पडत असताना मागची दुसऱ्या टोकाने अजून आत येत असतील, धातूची चाके दोन्ही टोकांना एकाच वेळी भाग जोडतील आणि कंट्रोलर पुन्हा बंद पडेल. हे सर्व तात्पुरत्या तारांनी आठवडाभर चालवून पाहावे आणि नंतरच खडी चिकटवावी; खडी बसल्यावर जोड बदलायचा झाला तर स्लीपरांसह रूळ उखडावा लागतो.